रॉ फूडचं पाकीट घेण्याआधी: नागपूरच्या नव्या कुत्रा-मांजरवाल्यांसाठी

कुत्र्यांसाठीचं कच्चं मांस आता नागपुरातही पाकिटात मिळतं. काही पेट शॉपच्या डीप फ्रीझरमध्ये असतं, काही जण घरीच बनवून व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतात, काही पुण्या-मुंबईहून थर्माकोलच्या खोक्यात येतं. पिल्लू नुकतंच घरी आणलेले लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की रॉ चांगलं की ड्राय फूड. यावर दोन्हीकडचे लोक तासन्‌तास भांडतात, पण पाकीट उलटून मागची बाजू कोणी वाचत नाही. मला विचाराल तर तो वाद नंतरचा. आधी हे बघा की हातातल्या या पाकिटावरच माझं जनावर सहा महिने राहिलं, तर त्याला काय कमी पडेल? मांस ताजं असणं वेगळं आणि आहार पूर्ण असणं वेगळं. विकणारा कायम पहिल्याबद्दलच बोलतो, म्हणून दुसऱ्याची चौकशी तुम्हालाच करावी लागते.

मी डॉक्टर नाही. घरी एक लॅब (लॅब्राडोर) आहे, त्याच्यासाठी ही सगळी पाकिटं, रिपोर्ट आणि विक्रेत्यांची उत्तरं चाळून झाली आहेत. त्यातलं जे कामाचं ते क्रमाने लिहितो.

आधी हे जमवून ठेवा

- जनावराचं आजचं वजन. अंदाज नको. तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि वजाबाकी करा.
- लसीकरणाचं कार्ड, जंतनाशक दिल्याच्या तारखा, आणि झाली असेल तर अलीकडची रक्ततपासणी.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. वाटी-चमच्याच्या मापाने रॉ फूड मोजता येत नाही.
- फ्रीजमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर.
- पाकिटाच्या चारही बाजूंचे फोटो. दुकानदाराला "घरी दाखवायचे आहेत" म्हटलं की काढू देतो.
- फोनवरचा कॅल्क्युलेटर.

१. तुमचं घर रॉसाठी आहे का, ते ठरवा

हे लवकर उरकू. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, वयस्कर आई-वडील, केमो किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारं कोणी असेल, तर कच्चं मांस आणू नका. कुत्रा स्वतः निरोगी दिसत असूनही त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला बाहेर पडू शकतो आणि तोच कुत्रा मुलांची तोंडं चाटतो. जनावराला पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, होऊन गेला असेल, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार असेल, तर हा लेख बंद करून डॉक्टरांकडे जा.

मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर पायरी ४ वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

२. पाकिटावर 'पूर्ण' लिहिलंय की 'पूरक'?

पेट फूड दोन प्रकारचं असतं. 'कंप्लीट' म्हणजे त्याच्यावरच जनावर राहू शकेल असं, आणि 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे दुसऱ्या पूर्ण आहारासोबत थोडं द्यायचं. पूरक पाकीट लोणच्यासारखं आहे, ताटात चालतं, पण त्यावर पोट भरायचं नसतं. पाकिटावर दोन्हींपैकी काहीच लिहिलं नसेल तर ते पूरक आहे असं धरून चाला.

'कंप्लीट' लिहिलं असेल तर पुढचा प्रश्न विचारा: कोणाच्या मापाने? जगभर दोन मापं चालतात. एक अमेरिकेतल्या आफको या संस्थेचं, दुसरं युरोपातल्या फेडियाफ या पेट फूड उत्पादकांच्या संघटनेचं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे. चांगल्या पाकिटावर यांपैकी एकाचा उल्लेख असतो आणि कोणत्या वयासाठी हेही असतं: वाढतं पिल्लू, प्रौढ, की सगळी वयं.

इथले नेहमीचे सापळे असे:

'आफको अप्रूव्ड' असं छापलेलं दिसलं की सावध व्हा. आफको कुठल्याही पेट फूडला मंजुरी देत नाही, तपासतही नाही. ती फक्त पोषणाचे किमान-कमाल आकडे ठरवते. त्या आकड्यांप्रमाणे खाद्य बनवलंय असं कंपनी म्हणू शकते, किंवा ठरलेल्या पद्धतीने कुत्र्यांना खाऊ घालून बघितलंय असं म्हणू शकते. 'अप्रूव्ड' हा शब्दच चुकीचा, म्हणजे लिहिणाऱ्याने मूळ कागद वाचलेला नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे माणसांच्या अन्नाच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेचा, नंबर बघून निर्धास्त होऊ नका. अन्नसुरक्षा कायद्यातल्या 'अन्न' या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. तो नंबर कुत्र्याच्या पोषणाबद्दल काहीच सांगत नाही.

'ह्युमन ग्रेड', 'शंभर टक्के नॅचरल', 'वाघ काय किबल (ड्राय फूडचे दाणे) खातो का?' ही सगळी जाहिरात. त्यात एकही आकडा नाही. वाघ शिकारीचं आतडं, काळीज, रक्त, कातडं, हाडं असं बरंच काही खातो. पाकिटात असतो ब्रॉयलरचा खिमा.

आणि उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाची तारीख, निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी फोन नंबर यांपैकी काहीच नसलेलं पांढरं झिपलॉक पाकीट असेल, तर पुढच्या पायऱ्या वाचायची गरजच नाही.

३. पाणी वजा करून वाचा

पाकिटावर चार-पाच आकडे असतात: क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर, मॉइश्चर (पाणी), कधी ॲश (खनिजं). रॉ फूडवर प्रोटीन १४ टक्के आणि शेजारच्या ड्राय फूडच्या पोत्यावर २४ टक्के दिसलं की लोक गोंधळतात. फरक पाण्याचा आहे. रॉमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ड्राय फूडमध्ये दहाच्या आसपास.

रीत सोपी आहे. शंभरातून मॉइश्चर वजा करा, उरलेल्याने प्रोटीनला भागा, शंभराने गुणा. रॉ: १४ भागिले ३० म्हणजे ४६.७ टक्के. ड्राय: २४ भागिले ९० म्हणजे २६.७ टक्के. कोरड्या वजनावर आफकोचं किमान प्रोटीन प्रौढ कुत्र्याला १८ टक्के आणि पिल्लाला २२.५ टक्के आहे. दोन्ही पाकिटं सहज पास. म्हणून "आमच्यात प्रोटीन जास्त आहे" ही फुशारकी ऐकून सोडून द्या. रॉ फूडमध्ये कमी पडणाऱ्या गोष्टींत प्रोटीन सहसा नसतंच.

खरं बघायचं ते फॅट. समजा, पाकिटावर प्रोटीन १४, फॅट १४, मॉइश्चर ७०, ॲश २ असं आहे. वाचताना वाटतं, दोन्ही सारखे. आता कॅलरी काढा. पेट फूडमध्ये प्रोटीनच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५, फॅटच्या ८.५ आणि कार्बोहायड्रेटच्या ३.५ कॅलरी धरतात. प्रोटीनच्या ४९, फॅटच्या ११९, मिळून १०० ग्रॅमला १६८. म्हणजे सत्तर टक्के ऊर्जा चरबीतून! चिकनवाल्याकडची कातडी आणि चरबी खिम्यात घातली की आकडे असेच येतात. दिवसभर कूलरसमोर पडून राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या लॅबला हे झेपत नाही.

'क्रूड' प्रोटीन नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढतात. म्हणजे छातीचं मांस असो, कातडी असो की शिरा, आकड्यात सगळं एकच. घटकांची यादी म्हणूनच वाचायची.

४. कॅल्शियम आणि फॉस्फरस: इथे घाई नको

पूर्ण लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

बिनहाडाच्या चिकनमध्ये १०० ग्रॅमला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस दोनशेच्या आसपास. कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याच्या दुपटीपर्यंत लागतं, म्हणजे १:१ ते २:१. बिनहाडाच्या मांसात हे प्रमाण पार उलटं आहे. आफकोच्या मापाने प्रौढ कुत्र्याला दर १००० कॅलरीमागे किमान १.२५ ग्रॅम कॅल्शियम हवं. तेवढ्या कॅलरीसाठी चरबीसकट अर्धा किलो चिकन धरा, त्यातून मिळतं ५० ते ७५ मिलिग्रॅम. गरजेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी.

मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांमधून काढून घेतं. पिल्लांमध्ये हे काही आठवड्यांत दिसू लागतं: चालताना लंगडणं, उचललं की ओरडणं, पाय वाकणं, साध्या उडीने हाड मोडणं. यात मोठी फसगत अशी की रक्ततपासणीत कॅल्शियम बऱ्याचदा नॉर्मल येतं, कारण हाडं झिजवून ते नॉर्मल ठेवलेलं असतं. "रिपोर्ट क्लिअर आहे, म्हणजे आमचं डाएट बरोबर आहे" हा निष्कर्ष इथे काढता येत नाही. एक्स-रे जास्त सांगतो.

हेच कारण घरच्या चिकन-भातालाही लागू आहे, बरं का. रॉ सोडून उकडलेलं चिकन आणि भात सुरू केला की कॅल्शियमचा प्रश्न सुटत नाही, जसाच्या तसा राहतो.

उलट बाजूही आहे. हाड दळून घातलेल्या पाकिटात कॅल्शियम जास्त होऊ शकतं. प्रौढ कुत्र्याची पॉटी पांढरी, कोरडी, खडूसारखी पडते, जोर लावावा लागतो, तेव्हा हाड जास्त झालंय असं समजा. लहान पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही. ते आतड्यातून शोषलं जातं आणि सांध्यांची वाढ बिघडवतं. मोठेपणी ३२ किलोच्या वर जाणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी म्हणूनच आफकोने वेगळी वरची मर्यादा घातली आहे: कोरड्या वजनावर १.८ टक्के, म्हणजे १००० कॅलरीमागे ४.५ ग्रॅम. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, बरेच लॅब यात मोडतात. ब्रीडरने हातात ठेवलेली कॅल्शियमची बाटली यावर आणखी ओतू नका.

प्रत्यक्ष गणित असं करा. पाकिटावर किंवा रिपोर्टमध्ये कॅल्शियम ०.४ टक्के, फॉस्फरस ०.३ टक्के आणि कॅलरी १०० ग्रॅमला १६८ आहेत. ०.४ टक्के म्हणजे १०० ग्रॅममध्ये ४०० मिलिग्रॅम. ४०० ला १६८ ने भागा, उत्तर २.३८, म्हणजे १००० कॅलरीमागे २.३८ ग्रॅम. फॉस्फरस तसाच १.७९. प्रमाण १.३ ला १, छान. प्रौढ कुत्र्यासाठी पास. आता पाकिटावर 'सर्व वयांसाठी' लिहिलंय का बघा. पिल्लाला किमान कॅल्शियम ३ ग्रॅम आणि फॉस्फरस २.५ ग्रॅम लागतं. तिथे हेच पाकीट नापास. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय 'सर्व वयांसाठी' या शब्दांना काही अर्थ नाही.

कॅल्शियम-फॉस्फरसचे आकडे पाकिटावर नसतील आणि विचारूनही मिळाले नाहीत, तर तिथेच थांबा. ज्याने हे मोजलं नाही त्याने पुढचं काहीच मोजलेलं नसणार.

५. पाकिटावर नसतं ते लिहून विचारा

रॉवाल्यांमध्ये ८०-१०-१० हा मंत्र चालतो: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, त्यातलं निम्मं कलेजी. ऐकायला शास्त्रीय वाटतं. कॅल्शियमचा प्रश्न त्याने बऱ्यापैकी सुटतोही. पण ब्रॉयलरच्या खिम्यात झिंक, मँगनीज, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि व्हिटॅमिन ई यांची भर त्या प्रमाणातून होत नाही. ती बाहेरून घालावीच लागते. घटकांच्या यादीत शेवटी झिंक, मँगनीज, आयोडीन, ई अशी नावं दिसली की काही लोक नाक मुरडतात, "केमिकल घातलंय". मला ती नावं दिसली की बरं वाटतं. कोणीतरी बसून हिशेब केलाय याची ती खूण आहे.

बाकी लक्ष ठेवायच्या गोष्टी:

कलेजी स्वस्त असते, कुत्रे आवडीने खातात, म्हणून काही जण भरपूर घालतात. रोज जास्त कलेजी म्हणजे व्हिटॅमिन एचा अतिरेक, आणि तो हाडांना भोवतो. पॉटी काळपट आणि पातळ येत असेल तर अवयवांचं प्रमाण विचारा.

बकऱ्याचा किंवा म्हशीचा गळ्याचा भाग दळलेला असेल तर त्यात थायरॉइडची ग्रंथी येऊ शकते. अशा खाद्याने कुत्र्यांमध्ये थायरॉइड हार्मोन वाढल्याच्या नोंदी आहेत. भूक वाढलीय पण वजन घटतंय, धाप लागतेय, तर डॉक्टरांना "गळ्याचा भाग खातो" हे आवर्जून सांगा.

काही कच्च्या माशांमध्ये थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१, नष्ट करणारं एन्झाइम असतं. मांजरांना याचा त्रास लवकर होतो.

परदेशी लेख वाचून इथे 'बीफ' शोधू नका. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही आहे. इथे जे मिळतं ते म्हशीचं. पोषणाच्या दृष्टीने त्यात वाईट काही नाही, फक्त परदेशी रेसिपीतले चरबीचे आकडे त्याला लावू नका.

विक्रेत्याला पाठवायचा मेसेज तयार देतो, कॉपी करा:

"नमस्कार. तुमच्या चिकन पाकिटाबद्दल माहिती हवी होती. १) हे पूर्ण आहार आहे की पूरक? कोणत्या मानकाप्रमाणे, कोणत्या वयासाठी? २) १०० ग्रॅममध्ये कॅलरी किती? ३) कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई किती? ४) फॉर्म्युला कोणी बनवला, त्यांचं पशुपोषणातलं शिक्षण काय? ५) या बॅचचा साल्मोनेलाचा रिपोर्ट पाठवाल का?"

उत्तरांचे प्रकार ठरलेले आहेत. "एकदम फ्रेश आहे दादा, सकाळीच कापलेलं" हे उत्तर नाही. "आमचे शंभर कस्टमर खूश आहेत" हेही नाही. "रोज नाही, पण महिन्याभरात बॅलन्स होतं" यात थोडं तथ्य आहे, पण तो महिना कोणीतरी कागदावर आखलेला असेल तरच. कागद मागा. जो विक्रेता "चार आणि पाच माझ्याकडे आहेत, तीनमधलं व्हिटॅमिन तपासलेलं नाही" असं सरळ सांगतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे.

मांजरवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं

कुत्र्याचं रॉ मांजराला चालत नाही. मांजराला टॉरिन (एक अमिनो आम्ल) अन्नातूनच मिळावं लागतं. त्याच्या कमतरतेने मांजराचं हृदय फुगून निकामी होतं हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं आणि त्यानंतर कॅट फूडमध्ये टॉरिनकडे काटेकोर लक्ष दिलं जाऊ लागलं. व्हिटॅमिन एही मांजराला तयार स्वरूपात लागतं, गाजरातून ते बनवू शकत नाही. कोरड्या वजनावर प्रोटीन प्रौढ मांजराला किमान २६ टक्के हवं. घटकांच्या यादीत टॉरिन नाही आणि रिपोर्टमध्येही नाही, तर पाकीट परत फ्रीझरमध्ये ठेवा. दुकानाच्या.

६. लॅब रिपोर्ट आला, आता तो वाचा

पीडीएफ आला म्हणून काम झालं नाही. वरच्या कोपऱ्यापासून बघत या. एनएबीएलचं, म्हणजे तपासणी लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, चिन्ह आहे का? नमुन्याचं नाव आणि तुमच्या पाकिटाचं नाव जुळतं का? चिकनचा रिपोर्ट मटणाच्या पाकिटासोबत फिरताना मी पाहिलाय. तारीख कधीची? दोन वर्षांपूर्वीचा एकच रिपोर्ट सगळ्यांना जात असेल तर तो जंतूंच्या बाबतीत निरुपयोगी आहे, कारण जंतू बॅचगणिक बदलतात. 'नमुना ग्राहकाने सादर केलेला' अशी ओळ बहुतेक रिपोर्टवर असते. त्याचा अर्थ लॅबने फक्त दिलेली डबी तपासली, कारखान्यातून स्वतः उचललेली नाही.

आकडे 'ॲज इज' म्हणजे पाण्यासकट आहेत की 'ड्राय बेसिस'वर, हे तपासा. एकाचा आकडा दुसऱ्या मापाला लावला की तिप्पट फरक पडतो. साल्मोनेलाच्या रकान्यात '२५ ग्रॅममध्ये अनुपस्थित' असं हवं.

७. किती द्यायचं

पाकिटावर 'वजनाच्या अडीच टक्के' लिहिलेलं असतं. २५ किलोच्या कुत्र्याला ६२५ ग्रॅम. आता हेच ६२५ ग्रॅम कमी चरबीच्या पाकिटातून, १०० ग्रॅमला १४० कॅलरी, दिले तर ८७५ कॅलरी. चरबीच्या पाकिटातून, १९० कॅलरी, दिले तर जवळपास १२००. टक्का एकच, एक कुत्रा वाळतो, दुसरा फुगतो.

कॅलरीने मोजा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर वजन × वजन × वजन करा, दोनदा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. २५ किलोसाठी १५,६२५, मग १२५, मग ११.१८, आणि उत्तर ७८३. ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्याला याच्या १.४ पट धरून सुरुवात करा, म्हणजे ११०० च्या आसपास. दर पंधरा दिवसांनी वजन करून वर-खाली करा. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसू नयेत.

८. नागपूरचं ऊन

इथे आपला प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. पुण्याहून नागपूर सातशे किलोमीटर. खोकं रात्रभराच्या प्रवासातून येतं, मग हबमध्ये पडतं, आणि डिलिव्हरीवाला दुपारी दोनला ४५ अंशात स्कूटरवर घेऊन निघतो. मार्चअखेर ते पाऊस लागेपर्यंत मी बाहेरगावचं काहीच मागवत नाही. नवतप्यात तर कोणी फुकट दिलं तरी नको.

बाकीच्या महिन्यांत खोकं उघडल्याबरोबर पाकीट दाबून बघा. दगडासारखं हवं. कडा मऊ, मध्ये गोठलेलं, हे अजून चालेल, लगेच फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. सगळं मऊ आणि पाकिटात गुलाबी पाणी असेल तर फोटो काढा, पैसे परत मागा, पाकीट फेका. पुन्हा गोठवून 'नीट' होत नाही. पाकिटात आतून बर्फाचा जाड थर साचलेला असेल, तर ते आधी एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असण्याची शक्यता आहे, मग ते दुकानातलं का असेना.

घरी फ्रीझर उणे १८ ला, फ्रीज ४ अंशांच्या खाली. वितळवायचं ते रात्री फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. ओट्यावर ठेवून नाही. मे महिन्यात वादळ आलं की लाइट तासन्‌तास जाते. तेव्हा फ्रीझर उघडून "बघू, वितळलं का" करू नका, बंद दाराआड भरलेला फ्रीझर बराच वेळ थंड राहतो. वाडगं अर्ध्या तासात उचला. उरलेलं फेका.

९. जंतूंबद्दल, सरळ

गोठवल्याने बॅक्टेरिया मरत नाहीत, झोपतात. फ्रीझ-ड्राय केल्यानेही हमखास मरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ दरम्यान कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. काही कंपन्या 'हाय प्रेशर प्रोसेसिंग' करतात, त्याने जंतू बरेच कमी होतात. विचारून घ्या.

आपल्याला लांब जायची गरज नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारीत अहवाल आला: एच५एन१, बर्ड फ्लू. कोंबडीच्या मांसातून तो आला असावा, असा संशय तेव्हा व्यक्त झाला होता. त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओरेगॉनमध्ये कच्चं टर्कीचं कॅट फूड खाल्लेली एक मांजर याच विषाणूने मेली आणि ते खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं. मांजरवर्गाला हा विषाणू फार जड जातो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बर्ड फ्लूच्या बातम्या चालू असताना मांजराला कच्चं चिकन अजिबात नको. शिजवलेलं पूर्ण आहाराचं पाकीट द्या.

स्टीलचं वाडगं, वेगळा विळा किंवा सुरी, वेगळा स्पंज, साबणाने हात. गॅलरीतली पॉटी लगेच उचला.

१०. सुरुवात

डॉक्टरांना पाकिटाचे फोटो आणि रिपोर्ट दाखवा. नुसतं "रॉ देऊ का?" विचारलं तर बहुतेक जण "नको" म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. आकडे समोर ठेवले की बोलणं पुढे जातं. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखानाही आहे. तिथे सकाळी लवकर जा आणि जुने कागद सोबत न्या.

बदल सात ते दहा दिवसांत करा: आधी पाव हिस्सा नवं, मग अर्धं, मग पाऊण. पातळ पॉटी एक-दोन दिवस चालेल. रक्त, उलट्या, खाणं बंद, यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना. पिल्लाला दर महिन्याला आणि प्रौढाला वर्षातून एकदा तरी तपासून घ्या. मोठं मज्जेचं हाड चघळायला देऊ नका, दाढा तडकतात.

आणि पाकीट आधीच घेऊन झालंय पण वरच्या गणितात नापास झालं, तर फेकायची गरज नाही. मांस चांगलं असेल तर तेच वरकड म्हणून वापरा: रोजच्या पूर्ण आहाराच्या वर, दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंत. ११०० कॅलरी खाणाऱ्या लॅबला १६८ कॅलरीच्या पाकिटातलं ६५ ग्रॅम बसतं, आणि तेवढे ड्राय फूडचे दाणे कमी करायचे. ते ६५ ग्रॅम बिनहाडाचं असेल तर शिजवूनच द्या, पोषणात काही बिघडत नाही. दळलेलं हाड असेल तर मात्र शिजवू नका.